सी भाषेतली लायब्ररी पायथनमधून वापरताना : पॉइंटर मिळाला, पण त्याची मालकी कोणाची?

शिरोरेघ (धागाकर्ता) :

नमस्कार. आमच्या लहानशा प्रकाशनासाठी मी पायथनमध्ये तपासणीचे एक साधन लिहीत आहे. पुस्तकाची अक्षरजुळणी सुरू होण्याआधी निवडलेल्या फाँटमध्ये आपल्याला लागणारी जोडाक्षरे नीट बसतात की नाही, हे आजवर आम्ही नमुन्याचे पान छापून डोळ्यांनी पाहत आलो. ‘दर्या’मधला रफार आणि ‘दऱ्या’मधला, य ला डावीकडून चिकटणारा र यांत फाँटने गल्लत केली, तर डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येतो आणि बोलणी मात्र मुद्रितशोधकाला बसतात. म्हणून अशा सुमारे ६०० शब्दांची यादी करून ती प्रत्येक फाँटवर यंत्रानेच चालवावी, असे ठरवले.

जुळणीचे काम हर्फबझ ही लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस या सगळ्यांत देवनागरी अक्षरे जागच्या जागी बसवणारी हीच. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतला ‘हरफ’ आणि बाझ म्हणजे खुला, दोन्ही मिळून ‘ओपनटाइप’चे भाषांतर होते. लायब्ररी आतून सी++ मध्ये लिहिलेली असली, तरी बाहेरच्यांसाठी तिने दार ठेवले आहे ते सी भाषेचेच. त्या दारातून आत जाण्यासाठी मी सीटाइप्स हे, पायथनमधून सी ची फंक्शने बोलावणारे, मॉड्यूल निवडले, कारण ते २००६ पासून, म्हणजे पायथन २.५ पासून, पायथनसोबतच येते आणि त्यासाठी कंपायलर लागत नाही.

लायब्ररी उघडली, बफर, म्हणजे जुळवायचा मजकूर ठेवण्याची जागा, तयार करणारे फंक्शन बोलावले, त्याने दिलेली किंमत पुढच्या फंक्शनला दिली, एवढाच कार्यक्रम आहे. कचेरीतल्या यंत्रावर तो निमूट चालतो. घरच्या लॅपटॉपवर मात्र दुसऱ्याच ओळीवर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे आपली नसलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक, येऊन पायथन बंद पडतो. अपवाद नाही, ओळ क्रमांक नाही, काहीच नाही. दोन्हीकडे लिनक्स ६४ बिटी आहे आणि हर्फबझची आवृत्तीही एकच आहे. माझे नेमके कुठे चुकते आहे?

प्रतिसाद १. जुना जोडारी :

तुम्ही बफर तयार करणाऱ्या फंक्शनचा ‘रेसटाइप’, म्हणजे ते काय परत देते ते, सांगितलेला नसणार. तो सांगितला नाही, तर फंक्शन सी मधला साधा ‘इंट’ परत देते असे सीटाइप्स धरून चालते. लिनक्सच्या ६४ बिटी यंत्रावर इंट ३२ बिटांचा आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ६४ बिटांचा असतो. फंक्शनने आपला पत्ता आरएएक्स या रजिस्टरमध्ये पूर्ण ठेवलेला असतो, सीटाइप्स त्याचा खालचा अर्धा भाग उचलते, आणि वरचा अर्धा भाग तिथेच राहतो. उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर तुम्ही पुढचे पत्र पाठवता.

मग कचेरीत ते का चालते, हा खरा मजेचा भाग आहे. तिथला पायथन जुन्या पद्धतीने, म्हणजे मेमरीत ठरावीक जागी बसणारा प्रोग्रॅम म्हणून, बांधलेला असावा. तसा प्रोग्रॅम मेमरीच्या अगदी खालच्या भागात बसतो आणि त्याचा हीपही, म्हणजे चालताना लागेल तशी मेमरी घेण्याची जागाही, त्याला लागूनच सुरू होतो, त्यामुळे तिथले पत्ते मुळातच ३२ बिटांत मावतात आणि कापण्यासारखे काही नसतेच. घरचा पायथन हव्या त्या जागी बसू शकणारा म्हणून बांधलेला असेल, तर त्याचा हीप खूप वर जातो. षोडशमानात लिहिले तर ५५ किंवा ५६ ने सुरू होणारे बारा अंकी पत्ते दिसतात. ते कापले की संपले. चूक दोन्ही यंत्रांवर तीच आहे, कचेरीतल्या यंत्राने ती फक्त झाकून ठेवली आहे.

प्रतिसाद २. पिठाची गिरणी :

धागाकर्त्यांना एक नम्र प्रश्न. हर्फबझसाठी यूहर्फबझ नावाचे तयार पायथन पॅकेज आहे, ते सायथनमध्ये लिहिलेले आहे आणि हर्फबझच्याच छत्राखाली सांभाळले जाते. गिरणी शेजारी असताना जात्यावर बसण्याचे कारण समजले नाही.

प्रतिसाद ३. शिरोरेघ :

जुना जोडारी, मनापासून आभार. रेसटाइपमध्ये ‘व्हॉइड पॉइंटर’ लिहिले. आता परत आलेला आकडा षोडशमानात खरोखरच बारा अंकी दिसतो. तरीही पुढच्या ओळीवर पायथन पूर्वीसारखाच कोसळतो.

पिठाची गिरणी, तुमचा सल्ला रास्त आहे आणि अखेरीस कदाचित मी तिकडेच वळेन. परंतु याच पद्धतीने आणखी दोन लायब्रऱ्या आम्हाला वापरायच्या आहेत आणि त्यांतल्या एकीसाठी तयार पॅकेज नाही. त्यामुळे जाते कसे फिरते ते एकदा हाताने पाहून घ्यावे, असा विचार आहे.

प्रतिसाद ४. जुना जोडारी :

अर्धेच काम झाले आहे. रेसटाइप ‘व्हॉइड पॉइंटर’ ठेवला की सीटाइप्स तुम्हाला पायथनचा साधा पूर्णांक देते. तो पूर्णांक दुसऱ्या फंक्शनला देताना ‘आर्गटाइप्स’ सांगितले नसतील, तर सीटाइप्स त्याला पुन्हा इंट समजते आणि यावेळी जाताना कापते. लिनक्सवर हे काही न बोलता होते. विंडोजवर निदान ‘पूर्णांक फार मोठा आहे’ अशी तक्रार तरी येते, कारण तिथे सी मधला ‘लाँग’ ६४ बिटी यंत्रावरही ३२ बिटांचाच राहिला आहे आणि रूपांतर तिथेच अडते.

माझी पद्धत सांगतो. बफर, फाँट, फेस, ब्लॉब अशा प्रत्येक वस्तूसाठी व्हॉइड पॉइंटरच्या वर्गातून एक वेगळा उपवर्ग काढावा आणि रेसटाइपमध्ये तसेच आर्गटाइप्समध्ये तोच लिहावा. उपवर्ग दिला की सीटाइप्स त्याचे पूर्णांकात रूपांतर करत नाही, आणि फाँटच्या जागी चुकून बफर दिला तर कॉल होण्याआधीच अपवाद येतो. सी मध्ये हेच काम कंपायलर हेडर फाइल, म्हणजे फंक्शनांच्या घोषणांची फाइल, वाचून करत असतो. सीटाइप्सला हेडर दिसत नाही, तयार झालेल्या .एसओ फाइलमध्ये फंक्शनचे नाव असते, पण त्याला किती आणि कोणत्या प्रकारचे आर्ग्युमेंट हवेत ते नसते. ती माहिती तुम्ही हाताने उतरवून घेत आहात आणि उतरवताना चूक झाली, तर ती दाखवणारा कोणी नाही.

प्रतिसाद ५. शिरोरेघ :

उपवर्गांची युक्ती लागू पडली. कोसळणे थांबले आणि पहिल्यांदाच काही उत्तर आले. उत्तर मात्र विचित्र आहे.

जुळणी झाल्यावर हर्फबझ आकृत्यांची एक रांग देते. प्रत्येक आकृतीसाठी एक स्ट्रक्चर असते. हेडरवर आधारलेल्या एका जुन्या माहितीपानावरून मी त्यात तीन रकाने घेतले : आकृतीचा क्रमांक, मास्क आणि ‘क्लस्टर’, म्हणजे ती आकृती मूळ मजकुरातल्या कुठल्या जागेवरून आली ते. प्रत्येक शब्दाची पहिली आकृती बरोबर येते, दुसरीपासून पुढे निव्वळ कचरा येतो.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. वेळ वाचवण्यासाठी मी एकच बफर सगळ्या शब्दांसाठी रिकामा करून पुन्हा वापरतो आणि मिळालेल्या रांगा एका यादीत जमा करतो. शेवटी यादी छापली, तर सहाशेच्या सहाशे शब्दांची पहिली आकृती एकच, आणि तीही यादीतल्या शेवटच्या शब्दाची.

प्रतिसाद ६. वेलांटी :

पहिल्याचे उत्तर माझ्याकडे आहे, कारण याच खड्ड्यात मीही पडले होते. त्या स्ट्रक्चरमध्ये तीन रकान्यांच्या खाली आणखी दोन आहेत. ते हर्फबझच्या आतल्या वापराचे असल्यामुळे खासगी मानले जातात आणि माहितीपानावर दाखवले जात नाहीत. हेडर फाइल उघडली की मात्र दिसतात. पाचही रकाने चार-चार बाइटांचे, म्हणजे एक स्ट्रक्चर २० बाइटांचे झाले. तुमच्या हिशेबात ते १२ बाइटांचे आहे. रांगेची सुरुवात दोघांचीही एकच असल्याने पहिली आकृती जुळते, पण दुसरीसाठी तुम्ही तेराव्या बाइटपाशी थांबता आणि तिथे असतो तो पहिल्याचाच खासगी रकाना. आपल्याला न लागणारे रकानेही जागा अडवतात, म्हणून ते लिहिलेच पाहिजेत.

प्रतिसाद ७. जुना जोडारी :

वेलांटी यांनी नेमके सांगितले. दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या धाग्याचा गाभा माझ्या मते तिथेच आहे.

सी मधले फंक्शन पॉइंटर परत देते तेव्हा त्या एकाच चिन्हाचे तीन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. एक, ‘ही वस्तू आता तुमची, काम संपले की तुम्हीच मोडा.’ दोन, ‘ही वस्तू माझी आहे, पाहून घ्या, पण मी तिला हात लावेपर्यंतच ती खरी.’ तीन, ‘ही वस्तू कायमची आहे, तिची काळजी कोणीच करायची नाही.’ हर्फबझमध्ये तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात. बफर तयार करणारे फंक्शन पहिल्या प्रकारचे आहे. आकृत्यांची रांग देणारे दुसऱ्या प्रकारचे आहे. त्या रांगेची जागा बफरच्या पोटात असते आणि बफरमध्ये बदल होईपर्यंतच ती वैध असते. ‘एमआर’ या अक्षरांवरून भाषेची खूण देणारे फंक्शन तिसऱ्या प्रकारचे आहे. हेडरमध्ये तिघांच्याही मुळाशी पॉइंटरची तीच एक तारका आहे. फरक असतो तो माहितीपानावरच्या एखाद्या वाक्यात, आणि ते वाक्य कुठलाही कंपायलर वाचत नाही.

तुम्ही बफर रिकामा करून पुढचा शब्द भरलात, तेव्हा हर्फबझने त्याच जागेवर नवी रांग लिहिली. तुमच्या यादीत ६०० रांगा नाहीत. एकाच जागेकडे दाखवणारी ६०० बोटे आहेत. पायथनमध्ये वाढलेल्या माणसाला हे अन्यायाचे वाटते, कारण तिथे एखादी गोष्ट यादीत ठेवली की ती जिवंत राहतेच. परंतु पायथनचा मोजणीदार पायथनच्या वस्तू मोजतो, पलीकडच्या मेमरीचा हिशेब त्याच्या वहीत नसतो. रांग मिळाल्याबरोबर, पुढचा शब्द भरण्याआधी, तिच्यातले आकडे पायथनच्या टपलमध्ये उतरवून घ्या.

प्रतिसाद ८. विदागार कारकून :

जुना जोडारी यांच्या मांडणीला एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीतले उदाहरण जोडतो, कारण तिथे हा करार बराच उघडपणे लिहिलेला आहे. प्रश्नचिन्हाच्या जागी मजकूर बांधणाऱ्या फंक्शनला शेवटचे आर्ग्युमेंट म्हणून एक विल्हेवाटीचे फंक्शन द्यावे लागते. तिथे शून्य दिले, तर त्याचा अर्थ ‘हा मजकूर हलणार नाही, निर्धास्तपणे वापरा’ असा होतो. उणे एक दिले, तर ‘याचा भरवसा नाही, आत्ताच तुमची नक्कल करून घ्या’ असा होतो. सी मध्ये या दोन्हींना छान नावे आहेत, पण ती नावे मॅक्रोची असल्यामुळे हेडरपुरतीच जगतात; .एसओ फाइलमध्ये त्यांचा मागमूस नसतो. दुसऱ्या भाषेतून येणाऱ्याला उणे एक हा पत्ता स्वतःच्या हाताने घडवावा लागतो. मी सुरुवातीला शून्य ठेवले होते, कारण बहुतेक ठिकाणी ‘काही नाही’ म्हणून शून्य चालते. आठवडाभर तक्त्यात लोकांच्या आडनावांच्या जागी भलत्याच अक्षरांचे तुकडे येत होते.

आणखी एक गोष्ट. एसक्यूलाइटमध्ये जोडणी बंद करण्याची दोन फंक्शने आहेत. जुने फंक्शन तयार केलेली विधाने शिल्लक असतील तर ‘व्यग्र’ असे सांगून नकार देते. दुसरे २०१२ मध्ये आले. ते नकार न देता जोडणीला अर्धमेल्या अवस्थेत ठेवते आणि शेवटचे विधान मोडले की ती खरोखर मोडते. गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषांमध्ये वस्तू कुठल्या क्रमाने मोडल्या जातील याचा नेम नसतो, म्हणून ते आणले, असे त्यांच्याच माहितीपानावर लिहिले आहे. पलीकडच्या भाषांची अडचण ओळखून सी च्या बाजूने स्वतः वाकून दाखवल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत, म्हणून मुद्दाम नोंदवली.

प्रतिसाद ९. गंजलेला खिळा :

रस्ट या भाषेत यावर काय उपाय आहे, असे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. ‘बाइंडजेन’ हे साधन हेडर फाइल वाचून रस्टमधल्या घोषणा आपोआप तयार करते, त्यामुळे २० बाइटांच्या जागी १२ लिहिण्याचा प्रकार तिथे होत नाही. मात्र मालकीबद्दल तेही मूकच असते, कारण हेडरमध्ये जे नाही ते तिथून कसे निघणार? तारकेची तारकाच उतरते आणि तिच्याभोवती सुरक्षित आवरण विणण्याचे काम माणसाकडेच राहते.

उलट रस्टची स्वतःची एक सापळ्याची जागा आहे. सी ला देण्यासाठी स्ट्रिंग तयार करून त्याच ओळीत तिचा पॉइंटर काढून ठेवला, तर ओळ संपताच ती तात्पुरती स्ट्रिंग मोडली जाते आणि हातात उरतो तो रिकाम्या घराचा पत्ता. कंपायलर आता यावर इशारा देतो, पण एकेकाळी हे शोधण्यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली आहे. २०२४ च्या एडिशनपासून बाहेरच्या फंक्शनांची घोषणा करणाऱ्या गटालाच ‘अनसेफ’ म्हणावे लागते, हे मला योग्य वाटते. तिथे लिहिलेली फंक्शनची ‘सिग्नेचर’ खरी आहे, याची हमी लिहिणाराच देत असतो.

प्रतिसाद १०. शिरोरेघ :

सगळ्यांच्या प्रतिसादांचा फार उपयोग झाला. रांगांची नक्कल घेऊ लागल्यापासून एका फाँटवर सहाशे शब्द व्यवस्थित चालतात. आता सगळे फाँट एकामागून एक चालवायला घेतले, तर नवाच प्रकार दिसतो. फाँट उघडण्यासाठी मी एक छोटे फंक्शन लिहिले आहे. ते फाइल पायथनने वाचते, तिचे बाइट हर्फबझला ‘ब्लॉब’ करायला देते, त्यातून फेस आणि फेसमधून फाँट बनवून परत देते. मेमरीचा प्रकार म्हणून मी ‘फक्त वाचण्यासाठी’ असे सांगितले आहे, कारण मला फाँटमध्ये काही बदलायचे नाही. मोठ्या फाँटवर पहिल्याच शब्दाला पायथन कोसळतो. एक-दोन लहान फाँट कोसळत नाहीत, पण सगळीकडे शून्य क्रमांकाची आकृती, म्हणजे रिकामा चौकोन, दाखवतात.

प्रतिसाद ११. जुना जोडारी :

‘फक्त वाचण्यासाठी’ या शब्दांनी तुम्हाला फसवले. तुम्ही त्यांचा अर्थ ‘मी बदलणार नाही’ असा घेतला. हर्फबझ त्याचा अर्थ ‘मी नक्कल करणार नाही, तुमचीच जागा वाचत राहीन’ असा घेते. तुमचे छोटे फंक्शन संपले की फाइलचे बाइट धरून ठेवणारे पायथनमध्ये कोणी उरत नाही आणि ते मोडले जातात. हर्फबझ फाँटमधले तक्ते आधीच वाचून ठेवत नाही, गरज पडेल तेव्हा वाचते. म्हणून चूक घडते फाँट उघडताना आणि दिसते पहिला शब्द जुळवताना.

मोठ्या आणि लहान फाँटमधला फरकही यातूनच उलगडतो. लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी मोठ्या मागणीसाठी, सुरुवातीला १२८ किलोबाइटांच्या पुढे, थेट कर्नलकडून वेगळी जागा घेते आणि सोडली की ती कर्नलला परत करते. मग तिथे पाऊल टाकले की सेगमेंटेशन फॉल्ट ठरलेला. लहान जागा मात्र तिच्याच साठ्यात परत जाते आणि दुसऱ्या कोणाला तरी दिली जाते. पत्ता वैध राहतो, घरात माणसे वेगळी असतात. हर्फबझ तक्ते तपासून वापरते, ते नासलेले दिसले की बाजूला ठेवते आणि तुम्हाला रिकामे चौकोन देते. कोसळणे परवडले, कारण ते निदान लक्षात येते.

उपाय तीन आहेत. मेमरीचा प्रकार ‘नक्कल करा’ असा द्यावा; किंवा फाँटच्या फाइलचे नाव देऊन हर्फबझलाच ती उघडू द्यावी, त्यासाठी वेगळे फंक्शन आहे; किंवा बाइट पायथनच्या बाजूने फाँटच्या वस्तूलाच बांधून ठेवावेत. मी दुसरा निवडेन. विल्हेवाटीचे फंक्शन पायथनमध्ये लिहून पाठवण्याचा चौथाही मार्ग आहे, पण पायथनचे फंक्शन सी ला देण्यासाठी सीटाइप्स जे वेष्टन तयार करते, तेही तुम्ही कुठेतरी धरून ठेवले नाही तर मोडले जाते, आणि हर्फबझ नेमके मोडलेल्या वेष्टनाला हाक मारते. एक गळती बुजवायला दुसरी उघडायची, असा तो प्रकार होतो.

फेस ब्लॉबवर आणि फाँट फेसवर आपापला हक्क नोंदवून ठेवतात. त्यामुळे फाँट हातात आल्यावर ब्लॉब आणि फेस यांवरचा तुमचा हक्क लगेच सोडायला हरकत नाही. ‘डिस्ट्रॉय’ या नावाला घाबरू नका. ते फंक्शन एक हक्क कमी करते, शेवटचा हक्क गेला तरच वस्तू मोडते.

प्रतिसाद १२. कॉफीबाज :

जावाकडून एक छोटी भर. आमच्याकडे १९९७ पासून जेएनआय ही सी शी बोलण्याची सोय होती आणि त्यासाठी मधला थर सी मध्ये लिहावा लागत असे. मार्च २०२४ मधल्या जावा २२ पासून परक्या फंक्शनांची नवी सोय पक्की झाली आणि तो थर जावामध्येच लिहिता येऊ लागला. तिच्यातली ‘अरीना’ ही कल्पना तुमच्या कामाची आहे : मेमरीचा प्रत्येक तुकडा कुठल्यातरी अरीनामधून घ्यायचा, अरीना बंद झाली की तिच्यातले सगळे एकदम जाते, आणि नंतर कोणी तिथे हात घातला तर यंत्र न कोसळता अपवाद येतो. अर्थात सी ने स्वतः दिलेल्या पॉइंटरबद्दल जावालाही काही कळत नाही. तो शून्य लांबीचा तुकडा म्हणून हातात येतो आणि त्याची खरी लांबी आपण सांगेपर्यंत आत डोकावता येत नाही. मला हा अविश्वास आवडतो.

प्रतिसाद १३. पिठाची गिरणी :

सीटाइप्सवरच राहणार असाल, तर अॅपलच्या एआरएम यंत्रांवर एक गोष्ट सांभाळा. कितीही आर्ग्युमेंट घेणारी सी मधली फंक्शने, उदाहरणार्थ कर्ल या, इंटरनेटवरून फाइली आणणाऱ्या, लायब्ररीतले पर्याय ठरवणारे फंक्शन, तिथे जादा आर्ग्युमेंट रजिस्टरमध्ये न शोधता स्टॅकवर शोधतात. त्यामुळे निदान पहिल्या, ठरलेल्या आर्ग्युमेंटांचे आर्गटाइप्स लिहिले नाहीत, तर सीटाइप्सला सीमा कुठे आहे ते कळत नाही आणि फंक्शनला भलतेच काहीतरी मिळते. इंटेलच्या यंत्रांवर हेच लिखाण अनेक वर्षे बिनतक्रार चाललेले असते.

प्रतिसाद १४. वेलांटी :

मेमरीचे प्रश्न सुटले असतील, तर आता मराठीचे दोन प्रश्न येतील, ते आधीच सांगते.

पहिला क्लस्टरचा. तुम्ही मजकूर यूटीएफ-८ मध्ये देत असाल, तर क्लस्टरचे आकडे बाइटांत येतात. ‘किल्ला’ शब्द घ्या. पायथनच्या लेखी त्याची लांबी ६ आहे : क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे एकूण १८. जुळणीनंतर वेलांटीची आकृती क च्या आधी येते, कारण कागदावर ती डावीकडे असते, आणि दोघींचाही क्लस्टर शून्य दाखवला जातो, कारण त्या आता एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. पुढचा ल येतो तो, शून्यापासून मोजले तर, सहाव्या बाइटपासून. तुम्ही तो ६ घेऊन पायथनच्या स्ट्रिंगमध्ये सहावी जागा मागितलीत, तर शब्द तिथे संपलेला असतो आणि अपवाद येतो. हवी असते ती दुसरी जागा. मजकूर यूटीएफ-३२ मध्ये देणारे फंक्शन वापरले, की दोन्ही बाजूंचे आकडे एकच होतात. इंग्रजी शब्दांवर तपासणी केली असती, तर हे कधीच दिसले नसते.

दुसरा भाषेचा. लिपी, दिशा आणि भाषा यांचा अंदाज घेणारे एक सोयीचे फंक्शन आहे आणि सगळे नवशिके तेच वापरतात. लिपी आणि दिशा ते मजकुरावरून ठरवते, पण भाषा मात्र यंत्राच्या लोकॅलवरून घेते. यंत्र इंग्रजीत असेल, तर तुमचा मजकूर इंग्रजी मानला जातो, आणि ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श खास मराठीसाठी म्हणून ठेवलेले असतात, तिथेही हिंदी वळणाचेच निघतात. भाषा स्वतः सांगा. तेही फंक्शन पॉइंटर देते, म्हणजे त्याचाही रेसटाइप लिहायला विसरू नका.

आणि ‘दऱ्या’बद्दल : लेखकांच्या फाइलींमध्ये तो दोन तऱ्हांनी टंकलेला सापडतो. कोणी नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असा लिहितो, तर कोणी साधा र, हलन्त, मग अदृश्य जोडक आणि य असा लिहितो. चांगला फाँट दोन्हीकडून एकच आकृती देतो. काही फाँटना त्यांतली एकच वाट ठाऊक असते. यादीत दोन्ही ठेवा.

प्रतिसाद १५. शिरोरेघ :

फाइल उघडण्याचे काम हर्फबझकडे सोपवले, भाषा हाताने सांगितली, मजकूर यूटीएफ-३२ मध्ये दिला. पिठाची गिरणी यांच्या सूचनेप्रमाणे यूहर्फबझ बसवून तीच यादी त्यातूनही चालवली आणि दोन्ही निकाल ओळीला ओळ ताडून पाहिले. एका ठिकाणी फरक निघाला. मी एका स्ट्रक्चरमध्ये उण्या संख्यांचा रकाना बिनचिन्हाचा म्हणून उतरवला होता, त्यामुळे डावीकडे सरकणारी मात्रा चार अब्ज एककांनी उजवीकडे गेली होती. तो दुरुस्त केल्यावर निकाल जुळले.

आमच्याकडच्या १४ फाँटपैकी दोघांत, नुक्त्याचा ऱ वापरून लिहिलेल्या ‘दऱ्या’ला तो छोटा र मिळतच नाही, ऱ हलन्तासकट उभाच राहतो. वेलांटी यांनी सांगितलेल्या दुसऱ्या पद्धतीने लिहिला, तर त्यांतल्या एकात तो बरोबर येतो. म्हणजे त्या फाँटसाठी मजकूर आधी बदलून घ्यावा लागेल, आणि दुसरा फाँट आम्ही बाद केला. निकाल मुद्रितशोधकांना दाखवले, तर त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिलने यादीत भर घातली : वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड, गोऱ्हा, पऱ्ह्या, सुऱ्या, पायऱ्या, भाकऱ्या, न्हाणी, ऱ्हास, ऱ्हस्व. ६११ शब्दांची फेरी आत्ता लावली आहे; ‘ऱ्हस्व’ या एका शब्दावर आणखी तीन फाँट अडले आहेत.